रक्तांतील साखर मोजणारी पट्टी

मधुमेही मनुष्य असलेल्या पुष्कळ घरांत हल्लीं एक छोटेसें यंत्र असतें. बोटाच्या अग्रास बारीक सुई टोंचावी, आलेला थेंब एका चिंचोळ्या पट्टीच्या टोंकास लावावा आणि पांच-दहा सेकंद थांबावें. यंत्राच्या खिडकींत आंकडा उमटतो. तो पाहून कोणी इन्शुलिनची मात्रा ठरवितो, कोणी घाईघाईनें तोंडांत साखर टाकतो. एका आंकड्यावर इतकें अवलंबून असतांना तो येतो कोठून, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

पूर्वीं ही सोय नव्हती. लघवीचे आठ थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणांत घालून परीक्षानळी तापवावयाची आणि हिरवा, पिवळा, विटकरी असा जो रंग येईल त्यावरून अदमास बांधावयाचा. परंतु रक्तांतील साखर शंभर मिलिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्यावांचून ती बहुधा लघवींत उतरत नाहीं. आणि ती धोक्याइतकी खालीं गेली तर ही परीक्षा मुकीच राहते.

नव्या युक्तीचा उगम मधुमेहाच्या चिंतेंतून झाला नाहीं, ही मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेंतील लेलंड क्लार्क हे शास्त्रज्ञ रक्तास शरीराबाहेर प्राणवायु पुरविणाऱ्या यंत्रावर काम करीत होते. रक्तांत प्राणवायु किती मिसळला, हें मोजणें त्यांस प्राप्त झालें. प्लॅटिनमच्या तारेस ठराविक विद्युद्दाब दिला म्हणजे प्राणवायूचे रेणु तिच्यापासून इलेक्ट्रॉन घेतात व विद्युत्प्रवाह वाहूं लागतो, हें आधींच ठाऊक होतें. अडचण अशी कीं, रक्तांतील प्रथिनें तारेवर साचून तिला निकामी करीत. क्लार्क यांनीं ती तार व तिचा जोडीदार विद्युदग्र असे दोन्ही एका पातळ पॉलिथिनच्या पडद्याआड ठेविले. पडदा प्राणवायूस वाट देई, प्रथिनांस अडवी. १९५६ सालीं हें उपकरण शास्त्रज्ञांपुढें आलें. आणि १९६२ सालीं क्लार्क व चॅम्प लायन्स यांनीं पुढील पाऊल टाकलें. अशा विद्युदग्रालगत त्यांनीं ग्लुकोज ऑक्सिडेज नांवाचें एन्झाइम कोंडण्याची कल्पना मांडली.

एन्झाइम म्हणजे सजीवांच्या पेशींत तयार होणारें असें प्रथिन कीं, जें एखादी रासायनिक क्रिया झपाट्यानें घडवितें व स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं. भाताचा घांस बराच वेळ चघळला असतां गोड लागतो, तो लाळेंतील अशाच एका एन्झाइमामुळें. ग्लुकोज ऑक्सिडेज हें, कांद्याच्या सालीवर जी काळी भुकटी दिसते, त्या जातीच्या बुरशीपासून मिळवितात. रक्तांत शेंकडों पदार्थ असतात. त्यांतून हें एन्झाइम नेमका ग्लुकोज उचलतें, त्याचे इलेक्ट्रॉन काढून प्राणवायूस देतें, आणि मागें हायड्रोजन पेरॉक्साइड उरतें. साखर जितकी अधिक, तितका प्राणवायु अधिक खर्च होतो व पेरॉक्साइड अधिक जमतें. दोहोंपैकीं कोणतेंही विजेनें मोजलें कीं साखर कळली. ओळखण्याचें काम एन्झाइमाचें, मोजण्याचें विजेचें, अशी ही वांटणी आहे.

येथें दोन विघ्नें आलीं. रक्तांत विरघळलेला मोकळा प्राणवायु ग्लुकोजच्या मानानें फार थोडा असतो. तो संपला कीं एन्झाइमाचे हात बांधले जातात. शिवाय पेरॉक्साइड मोजण्यास जो विद्युद्दाब लागतो, त्या दाबाला क जीवनसत्त्व आणि पॅरासिटामॉल हींही इलेक्ट्रॉन देऊं लागतात. म्हणजे तापाची गोळी घेतलेल्या रोग्याची साखर फुकट वाढलेली दिसावयाची! एन्झाइमाचे इलेक्ट्रॉन थेट तारेनें घ्यावे, तर त्याचा क्रियाशील भाग प्रथिनाच्या पोटांत खोल दडलेला. म्हणून एक दलाल शोधण्यांत आला. कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्यें लोखंडाचा अणु धरलेलें फेरोसीन नांवाचें संयुग आहे. त्याच्या जातीचीं द्रव्यें एन्झाइमापासून इलेक्ट्रॉन घेतात आणि कमी दाबावरच विद्युदग्रास पोंचवितात. इंग्लंडांतील क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनीं हें १९८४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९८७ मध्यें लेखणीएवढें यंत्र बाजारांत आलें.

एन्झाइमाची निवड म्हणजे केवळ प्रयोगशाळेंतील बारकावा, असें समजूं नये. कांहीं पट्ट्यांत प्राणवायूची गरज नसलेलें ग्लुकोज डिहायड्रोजनेज वापरीत. त्याचा एक प्रकार माल्टोज नांवाच्या दुसऱ्या शर्करेसही ग्लुकोज समजतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या कांहीं रोग्यांच्या पोटांत आयकोडेक्स्ट्रिनचें द्रावण सोडतात, व त्यापासून रक्तांत माल्टोज येतें. यंत्र साखर चढल्याचें दाखवी. म्हणून इन्शुलिन दिलें जाई. आणि खरी साखर आधींच खालीं असे. असे मृत्यु घडल्यावर अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००९ सालीं जाहीर इशारा दिला. एन्झाइमानें ओळखींत केलेली चूक विजेला कधींच कळत नाहीं. ती प्रामाणिकपणें खोटा आंकडा मोजते.

घरांतल्या चुका याहून साध्या, पण वारंवार होणाऱ्या. आंबा कापलेलें किंवा द्राक्षें सोललेलें बोट न धुतां टोंचलें, तर फळाची साखर थेंबांत मिसळते. निवळ स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाहीं, पाण्यानें हात धुवून कोरडे करावे लागतात. पट्टीवरील एन्झाइम उष्णता व दमट हवा यांनीं बिघडतें. कोंकणांतील पावसाळ्यांत डबी उघडी टाकणें म्हणजे पट्ट्या वायां घालविणें होय.

आंकड्याची मर्यादाही ओळखावी. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें साखर १०० च्या खालीं असतां शंभरांतील निदान पंचाण्णव मापनें १५ मिलिग्रॅमच्या फरकांत, आणि त्यावर असतां शेंकडा १५ च्या फरकांत यावींत, एवढीच अपेक्षा आहे. खरी साखर ७० असतां ८० दिसलें तरी यंत्र नियमांत आहे. म्हणून घाम, कंप, भोंवळ हीं लक्षणें दिसत असतां केवळ आंकड्यावर विसंबून राहणें बरें नव्हे.

अलीकडे दंडावर चिकटविण्याचें साधन निघालें आहे. त्याचा बारीक तंतु त्वचेखालीं दहा-चौदा दिवस राहतो आणि दर कांहीं मिनिटांनीं साखर सांगतो. तत्त्व तेंच, एन्झाइम आणि वीज. मात्र हा तंतु रक्तांत नसून पेशींमधल्या द्रवांत असतो, आणि रक्तांतली साखर तेथें पोंचावयास कांहीं मिनिटें लागतात. जेवणानंतर साखर झपाट्यानें चढत असतां तंतूचा आंकडा व बोटाच्या थेंबाचा आंकडा निराळे दिसतात, तें पुष्कळदां ह्यामुळेंच.