रोजची एक गोळी
रत्नागिरीहून परळच्या टाटा रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी गेलेला माणूस कधी कधी नुसत्या गोळ्या घेऊन परततो. एवढ्याशा गोळीने काय होणार, असं घरच्यांना वाटतं. पण गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत ईजीएफआर जनुकात ठरावीक बिघाड सापडला, तर २५० मिलिग्रॅम जेफिटिनिबची ही गोळी कर्करोगाच्या पेशींना मिळणारा वाढीचा हुकूमच अडवते. बिघाड नसेल, तर बहुधा पैसे वाया. टाटाच्याच ३५० रुग्णांच्या चाचणीत गोळीला केमोथेरपीची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ वरून १६ महिन्यांवर गेला. त्रासही वाढला, हे खरं. तोंडावर पुरळ उठलं म्हणून गोळी परस्पर बंद करणारेही असतात. पुरळ हा तिचा नेहमीचाच दुष्परिणाम, डॉक्टरांना दाखवलं की बहुतेकदा आवरतो.