भैय्या चौकातलं घर

सोलापूरला आलेल्या पाहुण्याची वाट ठरलेली असते. सिद्धरामेश्वराचं दर्शन, चादरींचं दुकान, शेंगाचटणीची पिशवी; मग गाडी अक्कलकोटला, नाहीतर तुळजापूरला. या वाटेवर भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक सहसा येत नाही. आमच्या मते शहरात एकच जागा पाहायची झाली, तर ती हीच.

10 ऑक्टोबर 1910 ला सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये अटल, चोळकर, मुखर्जी आणि बसू यांच्याबरोबर चीनला गेला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून राष्ट्रीय सभेनं हे पथक पाठवलं होतं. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर एकामागून एक शस्त्रक्रिया, मग डॉ. बेथ्यून यांच्या नावानं चाललेल्या रुग्णालयाची जबाबदारी. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच, 9 डिसेंबर 1942 ला, ते गेले. वय अवघं 32. चार वर्षांनी व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. पुढेही चीनचे बडे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. चीनमध्ये शाळकरी पोरांना ठाऊक असलेलं हे नाव आपल्याकडे रिक्षाचा थांबा सांगताना जास्त उच्चारलं जातं, याला काय म्हणावं!

सोलापूरनं आपला इतिहास संग्रहालयात ठेवण्याऐवजी नाट्यगृहांच्या पाटीवर लिहून ठेवलाय. हुतात्मा स्मृती मंदिरात व्यावसायिक नाटकांचे दौरे लागतात, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रावरची फेरी रंगते. ज्यांच्या नावानं ते उभं आहे ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला होता, त्याची ही अखेर. आडनावंच पाहा, हे गाव कुणाकुणाचं आहे ते कळतं. हुतात्मा दिनाच्या पाठोपाठ सिद्धेश्वराची यात्रा येते, तेव्हा सारं शहर नंदीध्वजांमागे असतं. दुसरं मोठं सभागृह निर्मलकुमार फडकुल्यांच्या नावाचं, म्हणजे साहित्याच्या प्राध्यापकाचं. कुठल्या आमदाराचं नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवं.

नटांची या गावाला वाण नाही. अतुल कुलकर्णी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले ते इथल्या 'नाट्य आराधना'त काम करून. त्याही आधी, पेशवाईत, शाहीर राम जोशी याच मातीत तमाशाच्या फडावर उभे राहिले.

शहराबाहेर मात्र एक जागा अशी आहे, की तिच्यापुढे काचेची कपाटं फिकी पडावीत. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. संगमेश्वराच्या देवळात गेल्यावर मान वर करायची. तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. जिल्ह्यातले लेख वाचण्यात हयात घालवलेल्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जवळच 359 मुखांचं शिवलिंग आहे. मोजायला बसलात तर दुपार जाईल.

उरली चादर. मोरारजी गोकुळदासांची 'जुनी मिल' 1877 ची. त्यानंतर मिलच्या भोंग्यावर जागणारं गाव घडलं, पद्मशाली विणकरांनी हातमाग-यंत्रमाग घरोघर नेले. मागावर डोक्याशी जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पत्ती फिरते, भोकाप्रमाणे धागे उचलले जातात आणि फूल उमटतं. काठावर कारखान्याचं नाव येतं तेही असंच विणून. हे चालू मागावर दाखवणारं, गिरणी कामगारांचीही गोष्ट सांगणारं, गावाच्या तोलाचं वस्त्रसंग्रहालय सोलापूरला हवं. महापालिकेनं आणि यंत्रमागधारकांनी मिळून ते मनावर घ्यावं. जुन्या पत्त्या आणि जुने माग भंगारात जाण्याआधी.

तोवर वाचकांना एवढंच: पुढच्या खेपेला अक्कलकोटची गाडी धरण्याआधी दोन तास हाताशी ठेवा आणि भैय्या चौकात उतरा.