'ॲबँडन' की 'डिझर्ट'?

आमच्या नाचणगावशेजारच्या पुलगावहून आर्वीला नॅरोगेज गाडी जायची. ती कधीचीच बंद झाली. म्हणजे तो मार्ग 'ॲबँडन्ड', कायमचा सोडून दिलेला. दुपारी सुनसान, पण संध्याकाळी गाडी येणारं स्टेशन नुसतं 'डिझर्टेड'.

माणसांच्या बाबतीत मात्र 'डिझर्ट' जड शब्द. त्यात कर्तव्य टाकून जाणं येतं. पलटण सोडून पळालेला जवान 'डिझर्टर'. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात 'डिझर्शन' हे घटस्फोटाचं एक कारण आहे: सलग २ वर्षं, योग्य कारण आणि संमती नसताना जोडीदाराला सोडणं. नुसतं लांब राहणं पुरत नाही, नातं तोडायचा इरादाही लागतो.

मी नोकरीसाठी गाव सोडलं. आई चिडून म्हणते, "टाकून गेलास." अगं आई, इरादा बघ ना!