कासवाच्या पिल्लाला काय खायला घालावे?

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की धुळे-जळगाव पट्ट्यात कासवाची पिल्ले दिसू लागतात. कधी पांझरा नदीकाठच्या डबक्यात, कधी कपाशीच्या सरीत साचलेल्या पाण्यात, कधी तापीत टाकलेल्या भोई मंडळींच्या जाळ्यात, तर कधी थेट डांबरी रस्त्यावर. चार-साडेचार सेंटिमीटरचा तो जीव बहुतेक वेळा मऊ, कातडी पाठीच्या गोड्या पाण्यातल्या कासवाचा असतो. अभ्यासक त्याला इंडियन फ्लॅपशेल म्हणतात, कारण मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या कातडी झडपा त्यांच्यावर बंद होतात. कोणीतरी ते पिल्लू बादलीत टाकून घरी आणतो आणि मग शेजारी-पाजारी विचारत सुटतो, की याला खायला काय घालायचे? हेतू चांगला असतो, पण हा प्रश्न एक चूक होऊन गेल्यावर विचारलेला असतो. पिल्लू घरी आणायलाच नको होते.

आणण्यामागचे कारण बहुधा एकच सांगितले जाते. पिल्लू एकटे होते, आई कुठे दिसली नाही. मांजराच्या किंवा माकडाच्या पिल्लाबाबत ही शंका रास्त आहे. कासवात मात्र आई पिल्लांना सांभाळतच नाही. मादी काठावरच्या मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. काही महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात ती एकटीच, आणि पाण्याची वाटही आपली आपणच शोधतात. म्हणजे एकटे दिसणारे पिल्लू वाट चुकलेले नसते, वाटेला लागलेले असते. पहिले काही दिवस त्याला खाण्याचीही निकड नसते. अंड्यातल्या बलकाचा शिल्लक साठा पोटात असतो, त्यावर ते तग धरते. घरी आणलेले पिल्लू दोन दिवस तोंड उघडत नाही म्हणून घरातली माणसे कासावीस होतात आणि त्याच्या तोंडाशी भाताची शिते, दुधात बुडवलेला पाव नाहीतर कणकेच्या गोळ्या नेतात. पिल्लाच्या लेखी यातले काहीच अन्न नसते.

मऊ पाठीचे कासव मिश्राहारी आहे, पण त्याचा कल मांसाहाराकडे. गोगलगायी, कोळंबी, बेडकांची पिल्ले, किड्यांच्या अळ्या, बारीक मासे, मेलेले जनावर आणि जोडीला पाणवनस्पती असे त्याचे ताट. या यादीत गोगलगाय कवचासकट आणि मासा काट्यासकट पोटात जातो, ही गोष्ट महत्त्वाची. वाढत्या पिल्लाची हाडे त्यातल्या कॅल्शियमवर उभी राहतात. ‘मग चिकनचे तुकडे घालू’ हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरते. असा खुराक चालू राहिला की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. दूध पाजून ही तूट भरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याचे आतडे दुधासाठी घडलेलेच नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट. पाणकासव घास पाण्यात गिळते. कोरड्या बशीत ठेवलेला उत्तम मासाही तसाच पडून राहतो आणि घरचे म्हणतात, याला मासा आवडत नाही. याउलट, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव जमिनीवरचे आणि मुख्यतः गवत-पाल्यावर जगणारे. त्याला पाण्याच्या टबात ठेवले तर ते बुडून मरते. ‘कासवाचा आहार’ अशी एकच एक गोष्ट नसते.

समजा खाणे जमवले, तरी ऊन उरते. कॅल्शियम अंगी लागायला ड-जीवनसत्त्व लागते आणि ते तयार व्हायला उन्हातले ठराविक अतिनील किरण लागतात. खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. म्हणून खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीत उजेड दिसतो, पण उपयोगाचे ऊन पिल्लापर्यंत पोहोचत नाही. टब अंगणात ठेवावा, तर हा खान्देश आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उथळ टबातले पाणी पाहता पाहता तापते. हिवाळ्यात धुळ्याचा पारा काही वेळा ५-६ अंशांपर्यंत घसरतो. गारठलेल्या कासवाचे पचन थांबते आणि प्रेमाने भरवलेला घास पोटात कुजतो. नदीतले कासव हे दोन्ही टोकाचे ऋतू चिखलात गाडून घेऊन काढते. फरशीवरच्या प्लॅस्टिकच्या टबात चिखल कुठून येणार?

यावर हमखास येणारे उत्तर असे, की आमच्याकडे एक कासव सहा महिने जगले, मग आमचे काय चुकले? हा युक्तिवाद प्रामाणिक असतो, पण त्यातला पुरावाच दगा देतो. कासवाचे शरीर संथ चालते. सशाचे पिल्लू उपाशी राहिले तर दिवसभरात कळते. कासव महिनोन्महिने झिजत राहते आणि वरून ठणठणीत दिसते. आधी पापण्या सुजून डोळे मिटतात. हे बहुधा अ-जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असते, पण ‘झोपाळू आहे’ म्हणून सोडून दिले जाते. मग ते एका कुशीवर कलून तरंगू लागते, म्हणजे फुफ्फुसाला संसर्ग झालेला असण्याची शक्यता असते. कवचाच्या कडा वाकड्या होतात, वाढ खुंटते. ‘टाकीएवढेच वाढते’ हा समज अशा खुंटलेल्या कासवांवरूनच रूढ झाला. कवचाला जाणीव नसते, हाही तसाच भ्रम. बरगड्या आणि पाठीचा कणा मिळूनच कवच बनते, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दोरी ओवायला कडेला भोक पाडणे म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणे.

काही घरांत कासव येते ते वास्तूच्या नावाने, आणि खेड्यात ते विहिरीत सोडले जाते, पाणी स्वच्छ राहावे म्हणून. कासव मेलेला बेडूक खाईल हे खरे, पण ते विष्ठाही त्याच पाण्यात टाकेल. शिवाय बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवरून त्याला ना उन्हाला येता येते, ना अंडी घालायला माती मिळते. (गुप्तधनासाठी ‘वीस नखी’ कासव शोधत हिंडणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे: या मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात. चार पायांची बारा.) कायद्याचे म्हणाल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पकडणे हीच त्या कायद्याच्या लेखी शिकार. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. रस्त्यावर सापडलेला प्राणी ताब्यात आला, तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवून स्वाधीन करावा, असेही कायदा सांगतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. नदीत सोडलेली बहुतेक पिल्ले बगळे, कावळे, मुंगूस खातात. मग घरी चार वाचली तर बिघडले काय? पिल्ले मरतात हे खरेच. पण कासवाची जात टिकते ती दशकानुदशके अंडी घालत राहणाऱ्या थोड्या माद्यांवर. नदीतल्या पिल्लाला तिथवर पोहोचण्याची थोडी का होईना संधी असते. टबातल्या पिल्लाची संधी शून्य, ते जगले तरी नदीला मेल्यासारखेच. कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची घरटी राखली, ती अंडी चोरांपासून आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी. पिल्ले बाहेर आली की त्यांना न भरवता, न पाळता समुद्राकडे सोडले जाते. लखनौच्या कुकरैल केंद्रात दुर्मीळ नदी-कासवांची पिल्ले मोठी करून मग सोडतात, हा दाखलाही दिला जातो. तिथे परवानगी, पशुवैद्य, कुंड आणि सोडण्याची ठरलेली जागा असते. घरच्या टबाला तो दाखला लागू होत नाही.

दुकानातून आणलेल्या, डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या हिरव्या कासवाचे मात्र उलटे. ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. कंटाळा आला म्हणून ते पांझरेत किंवा नकाणे तलावात सोडणे हे पुण्य नव्हे. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत ते आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. ते स्थानिक कासवांचे खाणे आणि उन्हाची जागा बळकावते. ते मरेपर्यंत सांभाळावे लागते, आणि सांभाळताना हात साबणाने धुवावे लागतात. अशा छोट्या कासवांपासून मुलांना साल्मोनेलाचा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांखालच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

पावसात रस्त्यावर पिल्लू दिसले आणि ते धडधाकट असेल, तर ज्या दिशेला तोंड होते त्याच बाजूच्या कडेला, पाण्याजवळ ठेवावे आणि निघावे. गाडीत घालून दुसऱ्या धरणावर नेऊ नये. जाळ्यात आलेले तिथल्या तिथे सोडावे. कवच तडकले असेल, रक्त येत असेल किंवा गळ अडकला असेल, तरच उचलावे. गळ ओढून काढू नये, दोरा थोडा लांब ठेवून कापावा. हवेशीर खोक्यात ओले सुती फडके घालून, सावलीत ठेवावे. खोल पाण्यात नको, कारण जखमी पिल्लाला पोहण्याचे बळ नसते. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा. माणूस येईपर्यंतच्या त्या तासांत त्याला काहीही खायला घालू नये.