एनसीव्ही-ईएमजी: धास्ती शॉकची, दुर्लक्ष गार हातांकडे

बोटांना मुंग्या, रात्री बधिर होणारा हात, पायातून सरकून जाणारी चप्पल. अशा तक्रारींवर डॉक्टर चिठ्ठीवर ‘एनसीव्ही-ईएमजी’ लिहितात आणि घरात सल्ले सुरू होतात. खरं तर ही दोन चाचण्यांची जोडी आहे. एनसीव्हीत नसेतून संदेश किती वेगानं आणि किती जोरकस जातो ते मोजतात, तर ईएमजीत स्नायूतल्या विजेच्या हालचाली बारीक सुईनं टिपतात. सगळं मिळून साधारण अर्धा ते दीड तास लागतो. दुखण्याच्या भीतीपायी रुग्ण ज्या साध्या गोष्टी विसरतात, रिपोर्ट मात्र त्यांनीच बिघडू शकतो.

गैरसमज: शॉकनं नस जळते.
वस्तुस्थिती: एकेक झटका जेमतेम सेकंदाच्या दहा हजाराव्या ते पाच हजाराव्या भागापुरता असतो. नसेला त्यानं इजा होत नाही. हाताची तपासणी करताना अंगठ्याच्या बुडाशी पट्टी चिकटवतात आणि मनगटावर झटका देतात. अंगठा आपोआप उडतो. प्रतिसाद वाढायचा थांबेपर्यंत झटका पायरीपायरीनं वाढवतात, म्हणून शेवटचे एक-दोन जरा झोंबतात. मग तोच प्रयोग कोपराशी होतो. दोन जागांमधलं अंतर टेपनं मोजायचं, वेळेतल्या फरकानं भागायचं, की वेग मिळतो. निरोगी प्रौढाच्या हातात तो सहसा सेकंदाला ५० मीटरच्या वर असतो, पायात ४०च्या वर.

गैरसमज: सुईतून करंट किंवा औषध सोडतात.
वस्तुस्थिती: ईएमजीची सुई काहीच सोडत नाही, फक्त ऐकते. ती बारीक आणि एकदाच वापरून टाकून देण्याची असते. टोचताना दुखतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्नायू सैल सोडला की यंत्राचा स्पीकर गप्प व्हायला हवा. नसेशी संबंध तुटलेला स्नायू मात्र पडल्या पडल्याही पत्र्यावर पाऊस पडावा तसा टपटपत राहतो. म्हणूनच ‘सैल सोडा’ आणि ‘आता जोर लावा’ या दोन सूचना नीट पाळायच्या. सुई टोचल्यावर अंग आखडून धरलं, तर तपासणी लांबते.

गैरसमज: उपाशी जायचं आणि रोजच्या गोळ्या बंद करायच्या.
वस्तुस्थिती: पोटभर जेवून जा. अंघोळ करा, पण तेल, क्रीम, व्हॅसलीन लावू नका, त्यानं पट्ट्या नीट चिकटत नाहीत. बाह्या आणि पायचे सहज वर सरकतील असे कपडे घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर बसवला असेल किंवा रक्तस्रावाचा आजार असेल, तर आधीच सांगा. बहुतेकांची तपासणी तरीही होते, गोळी मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका. मायस्थेनियाचे रुग्ण पायरिडोस्टिग्मिन घेत असतील, तर ती त्या दिवशी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

गैरसमज: हात गार असले म्हणून काय बिघडतं?
वस्तुस्थिती: बरंच बिघडतं. त्वचेचं तापमान एका अंशानं उतरलं की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरनं घटतो. हिवाळ्यात दुचाकीवरून आलात किंवा एसीत ताटकळलात, तर निरोगी नसही आजारी दिसू शकते. हाताची त्वचा ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास तरी हवी. हात-पाय गार वाटत असतील, तर ‘आधी शेकून घेता का?’ असं बेलाशक विचारा.

गैरसमज: दुखापतीनंतर जितकी लवकर चाचणी, तितकं बरं.
वस्तुस्थिती: तुटलेल्या नसेचा खालचा भागही काही दिवस संदेश वाहत राहतो. ईएमजीतल्या खुणा उमटायला तर साधारण दोन-तीन आठवडे लागतात. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली, तर त्यामागे बहुधा हेच कारण असतं.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं.
वस्तुस्थिती: एनसीव्ही जाड तंतूंचीच परीक्षा घेते. आग आणि वेदना वाहणारे बारीक तंतू तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे मधुमेहात तळपायांची आग आग होत असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. एमआरआयही तिची जागा घेत नाही. एमआरआय रचना दाखवतो, ही चाचणी काम दाखवते.

तपासणीनंतर सहसा लगेच घरी आणि कामावर जाता येतं. सुईच्या जागी एक-दोन दिवस ठणका किंवा निळसर डाग राहू शकतो. सूज आणि लाली वाढली, ताप आला किंवा छाती-मानेच्या स्नायूंत सुई घातल्यावर धाप लागली, तर लगेच डॉक्टरांना गाठा. रक्तातली सीपीके तपासणी किंवा स्नायूची बायोप्सी ठरली असेल, तर ईएमजी झाल्याचं आणि कोणत्या स्नायूंत सुई घातली ते सांगा, कारण टोचण्यानं दोन्हींचे निष्कर्ष बदलू शकतात. आणि रिपोर्ट, ज्यांनी तुम्हाला तपासून ही चाचणी लिहून दिली, त्यांनाच दाखवा.