ठिणगीचा भरवसा

ज्या घरात कधीकाळी स्कूटर होती, त्या घराला प्लगची ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात सकाळी ऑफिसच्या वेळेला स्कूटर रुसायची. मग ती एका अंगावर कलती करायची, दहा-बारा किका मारायच्या आणि तरीही दाद देईना, की पाना काढून प्लग खोलायचा. पॉलिश पेपरवर घासून, फुंकर मारून तो परत बसवला की स्वारी सुरू. पुढे स्कूटरवर ‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन’ अशी अक्षरे झळकू लागली आणि पॉइंट घासण्याची कटकट संपली. ठिणगी पाडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सने अंगावर घेतले.

रस्त्यावर हे सारे ठीक आहे. गाडी बंद पडलीच तर ढकलत कडेला घेता येते. पण तेच इंजिन आठ हजार फुटांवर असेल तर? आणि विमान बांधणारा, त्यात ही यंत्रणा बसवणारा आणि ते उडवणारा माणूस एकच असेल तर?

घरी विमान बांधणारी अशी माणसे अमेरिकेत हजारोंनी आहेत. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत अशा हौशी मंडळींची संघटना काढली. आता दरवर्षी जुलैच्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते. सुट्या भागांचा संच विकत आणायचा आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये रिव्हेट मारत बसायचे, असा हा वर्षानुवर्षांचा उद्योग. एकट्या व्हॅन्स कंपनीच्या ‘आरव्ही’ मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमाने अशी तयार होऊन उडाली आहेत. कायद्याची अट एवढीच, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे. त्या बदल्यात विमानात शिरण्याच्या जागी निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असे लिहावे लागते. बसणाऱ्याने काय ते समजून बसावे!

कारखान्यातून परवाना घेऊन आलेल्या विमानात मालकाला मनासारखा फेरफार करता येत नाही. घरच्या विमानात ती मोकळीक असते. ती सर्वांत आधी खुणावते ती ठिणगीच्या बाबतीत, कारण छोट्या विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडते ती मॅग्नेटो नावाची जुनी वस्तू. १९०३ साली राइट बंधूंच्या इंजिनातही मॅग्नेटोच होता.

सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरते तोवर दिवा लागतो, बॅटरी लागत नाही. मॅग्नेटोचे तत्त्व तेच. इंजिन चुंबक फिरवते आणि त्यातून निघालेली वीज ठिणगी देते. विमानातली बाकी सगळी वीज गेली तरी इंजिन धडधडत राहते. शिवाय मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. एक जोडी गेली तर दुसरी घरी आणते.

मॅग्नेटोचा दोष एकच, तो हट्टी आहे. बऱ्याच लायकॉमिंग इंजिनांत पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वी २५ अंश आधी ठिणगी पडते. विमान जमिनीवर असो की उंचावर, त्यात बदल नाही. उंचावर हवा विरळ होते, मिश्रण सावकाश जळते आणि ठिणगी थोडी आधी पडली तर पेट्रोलचे चीज होते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन इंजिनाचा वेग आणि आत शिरणाऱ्या हवेचा दाब पाहून ती वेळ सतत बदलते. मिनिटाला २७०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर सेकंदाला बावीसहून अधिक वेळा पेटतो, आणि तेवढ्या वेळा हा हिशेब बिनचूक ठरावा लागतो. इंजिन लवकर सुरू होते, पेट्रोल वाचते. फक्त या शहाण्या यंत्राला बहुधा बाहेरून वीज पुरवावी लागते. हट्टी पण स्वावलंबी नोकर घालवून हुशार पण परावलंबी नोकर ठेवण्यातला हा प्रकार.

म्हणून पुष्कळजण एकच मॅग्नेटो काढतात आणि दुसरा तसाच ठेवतात. बसवण्याचे काम किचकट नसते, पण त्याला सबुरी लागते. प्लग काढून पंखा हाताने हळूहळू फिरवत पहिल्या सिलिंडरचा पिस्टन नेमका माथ्यावर कधी येतो ते शोधायचे. तिथे चुकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ठिणगी फारच आधी पडू लागली तर मिश्रण भडकून पिस्टन फुटू शकतो.

मग तारा. विमानात विजेचा एक मुख्य स्विच असतो. कॉकपिटमध्ये जळका वास आला की वैमानिक पहिल्यांदा तोच बंद करतो. इग्निशनची तार त्या स्विचमधून नेली तर धुराबरोबर इंजिनही बंद! म्हणून ती तार बॅटरीपासून थेट आणि वेगळी न्यायची. तुटक्या तारेचीही गंमत आहे. मॅग्नेटो ‘बंद’ करणे म्हणजे त्याची वीज एका तारेने इंजिनाच्या धातूत मुरवणे. ती तार तुटली तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि पंखा हाताने हलवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची तार तुटली तर ती मुकाट बंद पडते. एकाचा दोष जमिनीवर मारतो, दुसऱ्याचा आकाशात.

खरी परीक्षा यानंतर. विमान घट्ट बांधून इंजिन चालवायचे आणि एकेक बाजू मुद्दाम बंद करून पाहायची. मॅग्नेटो बंद केला तर फेरे जेमतेम घटतात. इलेक्ट्रॉनिक बंद केले तर चांगलेच घटतात. मग वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद करून बॅटरी इग्निशनला किती वेळ पोसते ते घड्याळ लावून टिपायचे. व्होल्टेज किती खाली आले की ठिणगी दगा देते, तेही पाहायचे. पुढे एकट्याने, विरळ वस्तीवरून, २५ ते ४० तास उड्डाण. त्यात सिलिंडरच्या तापमानावर डोळा हवा, कारण ठिणगी आधी पडू लागली की ते चढते. लायकॉमिंगची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आहे. जाणते लोक ४०० च्या आसपासच सावध होतात.

आपल्याकडे हा छंद दुर्मिळ. मुंबईत कांदिवलीच्या अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. सरकारदरबारी त्याची नोंदणी व्हायला मात्र २०१७ साल उजाडले.

आपण वस्तू घेतो तेव्हा ‘चालते का?’ एवढेच विचारतो. विमान बांधणारा ‘बंद पडली तर काय?’ हे आधी विचारतो आणि उत्तर जमिनीवर, स्वतःच्या हाताने ती बंद पाडून मिळवतो. चाचणीचे तास भरेपर्यंत त्याला प्रवासी नेता येत नाही. ते भरले की शेजारच्या आसनावर बायको बसते, कधी लेक बसते. त्या दोघींना ठिणगीतले काही कळत नसेल. पण ती गेली तर हाताशी किती मिनिटे आहेत, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते.