उचलण्याची किंमत कोणाच्या माथी?

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेला एक अजस्र ट्रेलर तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात पोचला तो जुलै २०२० मध्ये. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर, बोजा ७० टनांच्या एका ऑटोक्लेव्हचा, चाके ७४ आणि सोबत तीसएक माणसांचा ताफा. वाटेत विजेच्या तारा काढाव्या लागल्या, झाडे छाटावी लागली, आणि टाळेबंदीनेही गाडी अडवून ठेवली. या प्रवासाचे वर्णन बहुधा गमतीनेच झाले. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यात एक दुर्मीळ गोष्ट दिसली. जड यंत्र हलविण्यास जितका वेळ लागतो तितका तेथे दिला गेला, आणि त्या वेळेचे दाम कोणीतरी मोजले.

एरवी काय घडते, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत उभे राहिल्यास दिसते. यंत्र उचलायचे म्हटले की नाक्यावरची ‘हायड्रा’ बोलावली जाते. तिचे भाडे तासांवर. माझा एक माजी विद्यार्थी एका छोट्या कारखान्यात देखरेखीचे काम करतो. तेथे जुनी प्रेस हलवायची होती. तिच्यावरची वजनाची पट्टी केव्हाच झिजून गेलेली. ‘आठ टन असेल’, असे कंत्राटदार म्हणाला आणि काम सुरू झाले. यंत्र वीतभर उचलले जाताच एक स्लिंग घसरली, प्रेस कलली व तिचा कोपरा भिंतीत घुसला. दोर धरून तोल सांभाळणारा खलाशी क्षणापूर्वीच तेथून बाजूला झाला होता. ‘सर, तासाभराचे भाडे वाचले म्हणून मालक खूश होते’, असे त्याने मला सांगितले. या वाक्यात उपहास किती व हकिकत किती, हे मी विचारले नाही.

या कामातील धोका डोळ्यांना दिसत नाही, हीच त्यातील खरी अडचण आहे. दहा टनांचे यंत्र दोन स्लिंगांनी सरळ उभे टांगले तर प्रत्येकीवर पाच टनांचा ताण येतो. त्याच स्लिंगा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतील इतक्या पसरल्या, की प्रत्येकीवर पूर्ण दहा टनांचा ताण पडतो. छप्पर ठेंगणे असले की नेमके हेच करावे लागते. क्रेनचेही तसेच. पन्नास टनी म्हणविणारी क्रेन पन्नास टन उचलते ती अगदी जवळ, सुमारे तीन मीटरवर. तोच बोजा वीस मीटर दूर न्यायचा झाल्यास तिची ताकद मोजक्या टनांवर येते. म्हणजे आधी वजन, गुरुत्वमध्य, कोन व अंतर यांचा हिशेब मांडावा लागतो, पायाखालची जमीन तपासावी लागते, आणि या सर्वांस वेळ लागतो.

कायदा याबाबत मुका नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाने उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी आवश्यक ठरविली होती, आणि सुरक्षित भारमर्यादेबाहेर बोजा उचलण्यास मनाई केली होती. परंतु तपासणीचा दाखला दोराविषयी सांगतो. त्या दिवशीच्या घाईविषयी तो काय सांगणार?

ही घाई कोठून येते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. अप्रिय व कष्टाच्या कामाला वेतन अधिक मिळते, असे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले. वर्गात हा सिद्धांत शिकविताना मला नेहमी लटकत्या बोज्याखालचा खलाशी आठवतो आणि किंचित अवघडल्यासारखे होते. गावाकडे शेती पिकत नाही म्हणून आलेला माणूस जोखमीचा भाव ठरवीत नसतो. मिळेल ती मजुरी घेतो. जोखीम कमी करणे ज्याच्या हाती आहे त्या कंत्राटदाराला तसे करण्याचे पैसे मिळत नाहीत. निविदेत ‘यंत्र उभारणी’ हे एक ठोक कलम असते आणि सर्वांत कमी बोली लावणारा ते जिंकतो. बोली कमी करायची तर सिमेंट वा पोलाद फारसे कापता येत नाही; कापता येतात ते तास.

३१ जुलै २०२३ च्या रात्री, १ ऑगस्ट उजाडण्यापूर्वी, शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे यंत्र गर्डरासह कोसळले. वीस माणसे गेली. त्यांतील बहुतेक परप्रांतांतून आलेले होते. राज्य शासनाने वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये व पंतप्रधानांच्या निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले. ही मदत योग्यच होती. पण अपघाताच्या किमतीचा एक वाटा असा जनतेच्या पैशावर आणि उरलेला, कधीही न मोजला जाणारा वाटा त्या वीस घरांवर पडला. पिगूने १९२० मध्ये ज्या सामाजिक खर्चाचे विवेचन केले, तो याहून निराळा नव्हे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. उचलण्याचा आराखडा, जमिनीची चाचणी, मोठी क्रेन, प्रशिक्षित इशारेवाला आणि वाऱ्यापावसाने वाया जाणारे दिवस यांचा खर्च निविदेत स्वतंत्र कलम म्हणून दाखवावा, त्याचा दर आधीच ठरवावा व त्यावर बोली लावू देऊ नये. प्रकल्प महागेल, असा आक्षेप येईल. तो महागणार नाही. दडलेला खर्च फक्त कागदावर येईल. सुरुवात शासनाने आपल्याच कामांपासून करावी. पुलांचे गर्डर बहुतांशी त्याच्याच खर्चाने चढतात, आणि निविदेच्या दरसूचीत एक ओळ वाढविण्यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही.